प्रवाळ हलवण्याआधी पाणी मोजा

किनाऱ्यावरच्या एखाद्या कामाच्या आड प्रवाळ आले की हल्ली एक उत्तर तयार असतं: उचलू आणि दुसरीकडे लावू. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या काही प्रवाळ-वसाहती अशाच हलवण्यात आल्या. ते काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली, रीतसर परवानग्या घेऊन झालं आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्यानंतर जी समजूत पसरते आहे ती मला धोक्याची वाटते. पैसे आणि पाणबुडे असले की प्रवाळ कुठूनही उचलून कुठेही लावता येतात, असं आता शिकलेली माणसंही सहज बोलून जातात. उचलता येतात, हे खरं. लावल्यावर त्यांना वर्षानुवर्षं वाढवत ठेवणं किती नाजूक काम आहे, हे मी रोज घरी बघते. म्हणून हा लेख.

मी मूळची मालवणची. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला पाण्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करते. आमच्या बैठकीच्या खोलीत चारशे लिटर खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तीत कठीण प्रवाळ वाढतात. त्यांना लागणारा चुना पुरवण्यासाठी टाकीखालच्या कपाटात एक कॅल्शियम रिॲक्टर चोवीस तास चालू असतो. प्रवाळ जगवायला काय काय लागतं, हे समजून घ्यायचं असेल तर या यंत्राइतकं चांगलं पाठ्यपुस्तक मला माहीत नाही.

प्रवाळ हा प्राणी. बारीक बारीक शेकडो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्याखाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. त्यासाठी लागणारं साहित्य त्यांना पाण्यातूनच मिळतं. उघड्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, १३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं आणि बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा असतो. या साठ्याला अल्कलिनिटी म्हणतात. ती जर्मन अंशांत मोजायची पद्धत आहे. समुद्रात ती सातच्या आसपास असते. पाण्याचा सामू ८.१. शेतकरी जमिनीचा मोजतात तोच हा सामू.

समुद्र अफाट असल्यामुळे प्रवाळांनी कितीही चुना काढून घेतला तरी हे आकडे तिथे हलत नाहीत. चारशे लिटरमध्ये ते एका रात्रीत हलतात. माझ्या टाकीतले प्रवाळ दिवसाला १.२ अंश अल्कलिनिटी खातात. एक अंश म्हणजे लिटरमागे १७.८५ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, तेव्हा चारशे लिटरचा हिशेब होतो रोज साडेआठ ग्रॅम चुना. महिन्याला पाव किलो, वर्षाला तीन किलो. एका बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत मुठीएवढ्या काही वसाहती एवढं बांधकाम करतात, हे मला अजूनही अद्भुत वाटतं. हे तीन किलो मला दरवर्षी बाहेरून आणून, विरघळवून, पाण्याला धक्का न लावता द्यावे लागतात.

इथे नवशिक्यांची हमखास चूक होते. नाव कॅल्शियम रिॲक्टर असल्यामुळे ते कॅल्शियम मोजत बसतात. चुना सांगाड्यात जाताना अल्कलिनिटी एक अंशाने उतरली की कॅल्शियम फक्त सात मिलिग्रॅमने उतरतं. घरगुती चाचणीसंचात दहा-पंधरा मिलिग्रॅम इकडे-तिकडे होणारच, त्यामुळे ४२० मधले सात कमी झालेले कळतसुद्धा नाहीत. पण आठ अंशांतले १.२ गेले तर साठ्याचा जवळजवळ सातवा हिस्सा एका दिवसात गेला. धोक्याची पहिली सूचना अल्कलिनिटी देते. कॅल्शियमचा आकडा हलेपर्यंत प्रवाळांचं नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून माझ्याकडे जो कोणी या छंदाबद्दल विचारायला येतो त्याला मी यंत्राआधी अल्कलिनिटीचा चाचणीसंच घ्यायला सांगते. पाच मिलिलिटर पाणी, त्यात रंगद्रव्य, आणि निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब थेंब आम्ल. रोज एकाच वेळी. वेळ पाळायची, कारण दिवे चालू असताना प्रवाळ जास्त चुना ओढतात आणि सकाळचा आकडा संध्याकाळशी जुळत नाही.

आता यंत्राकडे. ॲक्रिलिकचं एक बंद नळकांडं, त्यात मेलेल्या प्रवाळांच्या सांगाड्याचे किंवा अरॅगोनाइटचे तुकडे भरलेले. टाकीचं थोडं पाणी नळकांड्यात शिरतं, एक पंप तेच पाणी आत गोल गोल फिरवत राहतो आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे त्यात सोडलेले असतात. वायू विरघळला की पाणी आम्लधर्मी होतं, सामू ८ वरून ६.५ पर्यंत उतरतो आणि तुकडे विरघळू लागतात. त्यांतून सुटतं नेमकं तेच साहित्य, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, आणि प्रवाळाला लागतं त्याच प्रमाणात. हे घट्ट पाणी बारीक धारेने टाकीत परत येतं. एका प्रवाळाचा सांगाडा विरघळवून दुसऱ्याला देणं, एवढंच ते यंत्र करतं.

ही कल्पना घरोघर पोचली ती जर्मनीतून, आणि तिचा उगम मी राहते त्याच शहरात आहे. ड्युसेलडॉर्फच्या नॉर्डपार्कमध्ये ॲक्वाझू ल्योबेके म्युझियम आहे. तिथल्या रोल्फ हेबिंगहाउस यांनी नव्वदच्या दशकात हा रिॲक्टर मांडला. त्याच सुमारास हान्स-वेर्नर बालिंग यांनी कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ही दोन द्रावणं वेगवेगळी द्यायची पद्धत सुचवली. ती आजही बालिंग पद्धत म्हणूनच चालते. त्याआधीची पिढी चुन्याची निवळी वापरायची. मला या माणसांचं विशेष वाटतं, कारण त्यांनी आपलं ज्ञान छंदवाल्यांपर्यंत खुलं केलं. बर्लिनच्या डीट्रिश श्ट्युबर यांनी ऐंशीच्या दशकात वाढवलेल्या ॲक्रोपोरा प्रवाळाचे तुकडे हातोहात युरोपभर आणि पुढे अमेरिकेतही गेले. माझ्या टाकीतला पहिला ॲक्रोपोरासुद्धा इथल्या मंडळातल्या एका आजोबांनी आपल्या वसाहतीची फांदी तोडून दिलेला आहे. समुद्रातून काही काढलेलं नाही. कठीण प्रवाळ पाळायचे तर ते असेच, कुणाच्या तरी टाकीत वाढलेल्या वसाहतीतून यावेत, याबद्दल मी आग्रही आहे.

आणि भारतातल्या वाचकांसाठी हे स्पष्टच सांगते: आपल्याकडे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. समुद्रातून तोडलेला तुकडा घरी ठेवणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. कुणी दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तर त्याचं ऐकू नका.

यंत्र विकत आणणं सोपं. ते लावून सुरात आणणं हेच खरं काम, आणि तिथे घाई करणाऱ्याला प्रवाळ क्षमा करत नाहीत.

तुकडे आधी गाळलेल्या शुद्ध पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे. बारीक भुकटी राहिली तर ती बाहेरच्या नळीत जाऊन बसते. तुकडे पाच ते दहा मिलिमीटरचे असावेत; त्याहून बारीक असले तर दाबून बसतात आणि पाणी एकाच वाटेने पळतं. तुकड्यांत फॉस्फेट किती आहे हेही बघायचं, कारण जे काही त्या जुन्या सांगाड्यात अडकलेलं असतं ते सगळं तुमच्या पाण्यात उतरणार. थोडे डोलोमाइटचे तुकडे मिसळले तर मॅग्नेशियमही मिळत राहतं. मग वायू न सोडता एक दिवस नुसतं पाणी फिरू द्यायचं. सांधे गळतात का बघायचं, आतली हवा निघून जाऊ द्यायची.

सिलिंडर उभाच ठेवायचा, आडवा कधीच नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये खोलीच्या तापमानाला सत्तावन्न-अठ्ठावन्न बारचा दाब असतो; रेग्युलेटर तो एक-दीड बारवर आणतो. इथे पैसे वाचवू नयेत. सिलिंडर संपत आला की आतला दाब कोसळतो आणि स्वस्त, एकाच टप्प्याच्या रेग्युलेटरमधून नेमका त्याच वेळी वायू जास्त सुटू शकतो. रात्रीत टाकीचा सामू घसरतो आणि सकाळी मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात. दोन टप्प्यांचा रेग्युलेटर महाग असतो, पण हा धोका टळतो. उलट्या दिशेने पाणी सिलिंडरकडे जाऊ नये म्हणून नळीत एकमार्गी झडप लागते. आणखी एक: दोन किलोच्या सिलिंडरमध्ये हजार लिटरच्या वर वायू असतो आणि तो हवेपेक्षा जड असतो. लहान बंद खोलीत, तळघरात असा सिलिंडर ठेवायचा असेल तर हवा खेळती हवी. हे मी घाबरवायला सांगत नाही. माणसं हे विसरतात म्हणून सांगते.

मग नीडल व्हॉल्व्ह. सुरुवातीला दोन-तीन सेकंदांना एक बुडबुडा, एवढाच वायू. हा व्हॉल्व्ह फिरवणं म्हणजे तंबोऱ्याचा मणी सरकवणं. डोळ्यांना दिसणार नाही एवढी हालचाल, आणि परिणाम मात्र स्पष्ट. फिरवला की थांबायचं. आतल्या पाण्याचा सामू स्थिर व्हायला अख्खा दिवस जातो, टाकीवरचा परिणाम दिसायला त्याहून जास्त. मी दोन दिवस वाट बघितल्याशिवाय पुन्हा हात लावत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची: बुडबुडे तरी, नाही तर बाहेर पडणारी धार. दोन्ही एकदम बदलले तर कशाचा परिणाम झाला ते कळायला मार्ग उरत नाही.

धार किती हवी याचा हिशेब करता येतो आणि तो करावाच. माझ्या टाकीला रोज चारशे गुणिले १.२, म्हणजे ४८० लागतात. रिॲक्टरमधून निघणाऱ्या पाण्याची अल्कलिनिटी २५ आणि टाकीची ८, म्हणजे प्रत्येक लिटरमागे १७ ची भर. ४८० ला १७ ने भागलं की दिवसाला अठ्ठावीस लिटर, म्हणजे मिनिटाला वीस मिलिलिटर. मोजपात्र धरायचं, घड्याळ लावायचं, मिनिटभराची धार मोजायची. पूर्वी माणसं ही धार झडपेने आवळून ठरवत. आतून येणारे चुन्याचे कण त्या झडपेत अडकतात, धार हळूहळू बारीक होते, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत टाकीतली अल्कलिनिटी उतरलेली असते. पेरिस्टाल्टिक पंपाने हा त्रास बराच कमी केला, कारण तो नळी चिमटून ठरलेलंच पाणी पुढे ढकलतो. गेल्या काही वर्षांत या यंत्रात झालेली सगळ्यांत उपयोगी सुधारणा मला हीच वाटते.

सामू नियंत्रकाबद्दल छंदवाल्यांत दोन तट आहेत. काही जण वायू सोडणं-थांबवणं पूर्णपणे त्याच्यावर सोपवतात. माझं मत वेगळं आहे. बुडबुडे आणि धार अशी बसवावी की नियंत्रकाला काही करावंच लागू नये. तो पहारेकरी असावा, सामू ६.३ च्या खाली जाऊ लागला तरच त्याने वायू बंद करावा. त्याहून खाली गेलं की तुकड्यांचा चिखल होतो आणि नळकांडं तुंबतं. शिवाय सामू मोजणारी कांडी कालांतराने खोटं बोलू लागते. महिन्यातून एकदा ४ आणि ७ सामूच्या द्रावणांत बुडवून ती तपासली नाही तर नियंत्रक चुकीच्या आकड्यावर विश्वासाने काम करत राहतो. मोबाइलवर छान आलेख दिसतो आणि टाकीतले प्रवाळ कडेने पांढरे पडू लागतात. हाताने केलेल्या चाचणीला पर्याय नाही.

अल्कलिनिटीचा आकडा कोणता असावा, सात की आठ की नऊ, यावरून तासन्‌तास वाद होतात. माझ्या मते सात ते नऊमधला कुठलाही चालेल. तो एका जागी राहणं महत्त्वाचं. अल्कलिनिटी अचानक चढली तर ॲक्रोपोराच्या टोकांवरची कातडी जळाल्यासारखी निघून जाते आणि खालचा पांढरा सांगाडा उघडा पडतो. उतरलेला आकडा पूर्ववत करतानाही दिवसाला अर्ध्या अंशाहून जास्त मी चढवत नाही. ज्यांच्या टाकीत चार-दोन मऊ प्रवाळ आहेत, टाकी लहान आहे, त्यांनी या यंत्राच्या नादीच लागू नये. नियमित पाणी बदललं तरी त्यांचं भागतं. त्याहून थोडी जास्त भूक असेल तर बालिंगची दोन द्रावणं पुरतात. रिॲक्टर तेव्हाच, जेव्हा रोजचा खर्च मोठा आणि सातत्याचा असेल.

एवढं सगळं बसलं तरी एक गोष्ट यंत्राबरोबर येतेच. बाहेर पडणाऱ्या पाण्यात थोडा न वापरलेला कार्बन डायऑक्साइड असतो. तो टाकीत गेला की टाकीचाही सामू उतरतो. म्हणून हे पाणी तुकड्यांनी भरलेल्या दुसऱ्या नळकांड्यातून नेतात, खालच्या छोट्या टाकीत, फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरजवळ सोडतात, रात्री तिथे शेवाळावर दिवा लावतात. आणि तरीही खोलीतली हवा सगळ्यावर मात करते. इथल्या हिवाळ्यात खिडक्या घट्ट बंद असतात. संक्रांतीच्या तिळगुळाला पंधरा-वीस मराठी मंडळी आमच्याकडे जमतात, गप्पा रंगतात, श्वासातला वायू खोलीत साठतो आणि रात्री टाकीचा सामू ८.१ वरून ७.९ वर आलेला असतो. रिॲक्टरचा बुडबुडाही न वाढवता. खिडक्या उघडल्या की तासा-दोन तासांत तो परत चढू लागतो.

एका खोलीत जे माणसांच्या श्वासाने होतं तेच पृथ्वीवर कोळसा आणि तेल जाळून होतं आहे, आणि पृथ्वीला खिडकी नाही. औद्योगिक युगाआधी हवेत दहा लाखांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० च्या वर आहे. आपण दरवर्षी हवेत सोडतो त्यातला जवळपास पाव हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. त्याने समुद्राच्या वरच्या थराचा सामू ८.२ वरून ८.१ वर आला. आकडा क्षुल्लक दिसतो, पण सामूची मोजपट्टी दसपटीची असते, ०.१ म्हणजे आम्लतेत जवळपास सव्वीस टक्के वाढ. माझ्या नळकांड्यात मी मुद्दाम, सांगाडा विरघळावा म्हणून जो वायू सोडते तोच हा. तिथे मात्रा फार जास्त आहे, समुद्रात फार कमी. रसायन एकच आहे.

सांगाडा प्रत्यक्ष विरघळू लागायच्या खूप आधी प्रवाळ वाढायचे मंदावतात, हे अमेरिकेत ॲरिझोनातल्या बायोस्फिअर-२ मध्ये दिसलं. काचेच्या त्या बंदिस्त प्रकल्पात सुमारे सव्वीस लाख लिटरचा समुद्र होता. ख्रिस लँगडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पाण्याचं रसायन बदलत नेऊन प्रवाळांचं चुना बांधणं मोजलं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पाण्यातली कार्बोनेटची संपृक्तता उतरली की बांधकामही उतरतं. माझ्या टाकीत हिवाळ्यात सामू सतत खाली राहिला की रोजचा १.२ चा खर्च एकावर येतो. प्रवाळ दिसायला ठणठणीत असतात, रंग तोच असतो, फक्त ते कमी बांधतात. हे डोळ्यांना दिसत नाही, थेंब मोजूनच कळतं.

इथे मी पुन्हा हलवलेल्या प्रवाळांकडे येते. माझा धाकटा भाऊ मालवणात पर्यटकांना होडीतून स्नॉर्कलिंगला नेतो. मागे फोनवर त्याने विचारलं, ‘‘गो ताये, ती प्रवाळां उचलून दुसरीकडे लावतत म्हणे. जगतत काय गो ती?’’ मी त्याला म्हटलं, जगतात, पण किती वर्षं आणि वाढतात का, ते विचार.

मालवणचे आणि मुंबईचे प्रवाळ निळ्याशार लगूनमधले नाहीत. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी अंगावर येतं, गाळ येतो, महिनोन्‌महिने उजेड कमी असतो, आणि तरी पोरायटिस, टर्बिनारियासारखे प्रवाळ खडकांना धरून असतात. एका विशिष्ट खडकावर, विशिष्ट खोलीवर, ओहोटीच्या विशिष्ट प्रवाहात त्यांनी तग धरलेला असतो. पाचशे मीटरवरची जागा आपल्याला तशीच दिसते. तिथे पावसाळ्यात क्षारता किती उतरते, गाळ किती बसतो, अल्कलिनिटी कुठे जाते, हे वर्षभर मोजल्याशिवाय ती तशीच आहे असं कुणालाही म्हणता येणार नाही. चारशे लिटरमध्ये, सगळ्या झडपा माझ्या हातात असताना, मला एक आकडा स्थिर ठेवायला आठवडे लागतात. समुद्रात तर एकही झडप नाही.

मी प्रवाळ-रोपणाच्या विरोधात नाही. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात तुतिकोरीनच्या संशोधकांनी दोन दशकं हे काम चिकाटीने केलं आहे. पण ते उद्ध्वस्त झालेल्या जागी प्रवाळ परत आणण्यासाठी. जिवंत प्रवाळांची जागा रिकामी करून देण्यासाठी तेच तंत्र वापरलं जाऊ लागलं तर त्या चिकाटीचा तो अपमान आहे. लावल्यानंतर सहा महिन्यांनी इतके टक्के जिवंत, असा आकडा पुरावा म्हणून पुढे केला जाऊ नये. माझ्या टाकीतल्या अनुभवाने सांगते, चुकीच्या पाण्यातही प्रवाळ सहा महिने सहज दिसायला ठीक राहतो. तो बांधतो आहे का, हा प्रश्न आहे.

आंग्रिया बँकेचंच बघा. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं ते बुडालेलं पठार आणि त्यावरचे प्रवाळ. तिथे कुणी चुना पुरवत नाही, कुणी सामू राखत नाही. आपण करण्यासारखं एवढंच आहे की तिथे आणि मालवणच्या सागरी अभयारण्यात हे पाणी नियमित मोजायचं आणि आकडे लोकांसमोर ठेवायचे. आपल्या कोकणातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राची मुलं आहेत, ब्युरेट आहे, प्रमाणित आम्ल आहे. अल्कलिनिटी मोजायला महागडं यंत्र लागत नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या एकेका महाविद्यालयाने महिन्याला एकदा, पावसाळ्यात आठवड्याला एकदा, ठरलेल्या जागी पाणी भरून मोजलं तर पाच वर्षांत आपल्या किनाऱ्याची एक सलग नोंद तयार होईल.

वनविभागाला माझी विनंती अशी. कठीण प्रवाळ हलवायला तुमची परवानगी लागते. ती देताना चार अटी घाला. नव्या जागेचं पाणी आधी पावसाळ्यासकट एक वर्ष मोजलेलं असावं: तापमान, क्षारता, सामू, अल्कलिनिटी, गाळ. हलवलेल्या प्रत्येक वसाहतीचं मोजपट्टीसह छायाचित्र किमान पाच वर्षं काढलं जावं, म्हणजे ती वाढली की नुसती टिकली ते कळेल. न हलवलेल्या, त्याच जातीच्या शेजारच्या वसाहतींचीही तशीच नोंद व्हावी, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि ही सगळी माहिती कुणालाही, मालवणच्या होडीवाल्यालासुद्धा, मराठीत वाचता येईल अशी प्रसिद्ध व्हावी.

वाचकांना एवढंच सांगते, तुमच्या तालुक्यात किनाऱ्यावरच्या एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली आणि प्रवाळ हलवू असं कुणी म्हणालं, तर उठून उभे राहा आणि त्या जागेच्या पाण्याचे वर्षभराचे आकडे मागा. ते दाखवता येत नसतील तर परवानगीला विरोध नोंदवा.